ताकतीची सुई

लंबी रोटी हातमोजे घालून होत नाही. हे मी माह्या नवऱ्याले, अश्विनले, हजारदा सांगतलं. तरी तो मेडिकलमधून डब्बाभर मोजे घेऊन आलाच. म्हणे, "एकडाव करून तं पाह्य वो." पाह्यलं. लंबी रोटीची कणीक म्हणजे पातळ, लोचदार, पाणी पाजून पाजून परातीत आपटलेली. तिचा गोळा या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत न्यायचा, तवा कुठं तो रुमालासारखा पातळ होते, अन् मंग आगीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायचा. मोज्याले कणीक अशी चिकटली का मोजाच हातातून निघाला अन् रोटीसंगं मडक्यावर जाऊन पडला. साऱ्या आंगणात जळक्या पन्नीचा वास. सासू खाटेवर बसून खो-खो हासत होती. मले हासू आलं नाही. डोस्कं तवापासून जे तापलं ते अजून उतरलं नाही.

मोजे कायले पायजे होते? तं चामखिळी. माह्या उजव्या हातावर. पहिली उन्हाळ्यात आली, अंगठ्याच्या बुडाशी, तुरीच्या दाण्याएवढी, वरून खरखरीत. मी ध्यान देल्लं नाही. धानाची रोवणी लागता लागता बाजूच्या बोटायवर तिची पिल्लं बसली. नखाजवळ एक, सांध्यावर दोन, तळव्याच्या कडेले बारीक बारीक. दुखे नाही, खाजवे नाही. नुसती दिसे.

आता तुमी म्हणसान, चामखिळीच त हायेत, कोणाले होत नाही? बरोबर हाये. मी कपडे शिवत असती तं मले बी काही वाटलं नसतं. पण माहा धंदा हातायचा, अन् तो बी लोकायच्या डोळ्यापुढं. अड्याळच्या बाजारात आमची चूल हाये. गिऱ्हाईक पुढं उभं राहते अन् रोटी होईपर्यंत माह्या हाताकडंच पाहाते. दुसरीकडं पाहायले तिथं हाये काय?

ही चूल माह्या सासूनं, धुरपताबाईनं, मांडली. आमी बौद्ध. तिनं पहिल्यांदा बाजारात मडकं उपडं घातलं तवा लोकं येत, वास घेत, पाहात अन् पुढं जात. उघडं कोणी बोलत नव्हतं. "आज भूक नाही." "घरी सैपाक झाला." "उद्या घेऊ." असा उद्या बहुत दिवस चालला. मंग तिनं एक रीत धरली. गिऱ्हाईक जवळ आलं का लोटा घ्यायचा, साबण घ्यायची, अन् रस्त्याकडं तोंड करून कोपरापर्यंत हात धुवायचे. नखं कापलेली, बांगड्या वर सरकवलेल्या, पोलकं पांढरं. "हात धुताना लोकायले दिसले पायजे," हे तिनं मले लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हप्त्यात शिकवलं, कणीक मळणं मंग. आधी ट्रकवाले खाऊ लागले, मंग मास्तर लोकं, मंग सारा बाजार. सासूचे गुडघे गेले तवापासून परातीवर मी बसते अन् ती बाजूले बसून लोट्यानं पाणी टाकते.

पलीकडं दोन दुकानं सोडून पवनीच्या केशरबाईची चूल हाये. ती बी लंबी रोटीच करते. तिले मी बाजारात लोटा हाती घेताना कधी पाह्यलं नाही. घरून धुऊन येत असन. तिच्या गिऱ्हाइकानं बी तिले कधी विचारलं नाही.

तं झालं असं, का पोळ्याच्या आधीच्या बाजारात एकोडीचे वीरेंद्रभाऊ आले. एकोडीले त्यायची धानाची मोठी शेती, बहीण अड्याळले देल्लेली. बहिणीकडं आले का आमच्या चुलीपुढं उभ्यानं गरम रोटी खात. त्यायच्या पोरीचं, हर्षाचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर निघालं होतं, अन् होळीपासून त्यायचं एकच, "रुचिता, लग्नाच्या रातची रोटी तुह्याच हातची." सासूनं हे पहिल्यांदा ऐकलं तवा ती लोटा ठेवून मांगं गेली अन् डोळे पुसून आली. बाजारातून रोटी बांधून नेणं येगळं. भर मांडवात, पाहुण्यायपुढं, बलावून चूल मांडायले लावणं येगळं. तिच्या जिंदगीत असं बलावणं आलं नव्हतं. तिनं तवापासून पेटीतलं नवं लुगडं काढून उशाशी ठेवलं होतं, सांगा आता.

त्या दिवशी मी रोटी त्यायच्या हातात देल्ली अन् त्यायची नजर माह्या अंगठ्यावर गेली.

"हे काय वो?"

"चामखिळी हायेत जी." मी हात मांगं घेतला.

"नाही, मले काही नाही वाटत," वीरेंद्रभाऊ म्हणाले. ज्याले काही वाटत नाही तो असं सांगत नाही. "पण नागपूरचे पाहुणे येतीन. तू हात बरे करून घे. हात बरे झाले का आर्डर तुहीच, समज."

हातातली रोटी त्यायनं घडी करून थैलीत टाकली. म्हणे, घरी खाईन. इतक्या वर्सात त्या माणसानं रोटी थंडी करून खाल्ली नव्हती.

मंग सुरू झाले उपाय. शेजारची गोदावरीबाई म्हणे चुना अन् सोडा लाव. लावला, चामखीळ तिथंच, बाजूची चामडी सोलून निघाली. कोणी म्हणे घोड्याच्या शेपटीचा केस बांध. आता अड्याळमधी घोडा कुठून आणू, कोणाच्या वरातीत शिरून नवरदेवाच्या घोड्याची शेपटी उपटू? शेवटी अश्विन राइस मिलमधून सुट्टी घेऊन मले भंडाऱ्याले घेऊन गेला, चामडीच्या डॉक्टरीणबाईकडं.

मॅडम तरण्या होत्या, बोलायले चांगल्या. माहा हात त्यायनं आपल्या हातात घेतला, मोजा न घालता. मले तेच पहिले दिसलं.

"ताई, ह्या जाळता येतात. पण तुमच्या इतक्या आहेत की हातभर जखमा होतील, मग कणीक मळणं बंद. दुसरा उपाय करू. विटामिन डीचं इंजेक्शन. सगळ्यात मोठ्या चामखिळीच्या बुडाशी द्यायचं."

"चामखिळीले विटामिन?" अश्विन म्हणाला.

"हो. चामखीळ होते ती एका विषाणूमुळे. तो कातडीत लपून बसतो, अंगाला त्याचा पत्ताच नसतो. मोठीमध्ये सुई दिली की तिथं सूज येते, अंग जागं होतं, आणि मग ते बाकीच्या चामखिळींनाही शोधून काढतं. सगळ्यांच्याच जातात असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांच्या जातात. तीन-चार वेळा यावं लागेल, मध्ये तीन-तीन आठवडे सोडून."

"मॅडम, हे घाणीनं होते का?" मी विचारलं.

"नाही हो. कोणालाही होते."

हे वाक्य पाटीवर लिहून चुलीच्या वर टांगावं असं वाटलं मले.

सुईचं काय सांगू. आधी भूल द्यायची सुई, तीच एवढी लागली का डोळ्यापुढं काजवे. मंग ती विटामिनची, तेलासारखी घट्ट, अंगठ्याच्या बुडाशी दाबून दाबून. अशी वरडली मी का बाहीर बसलेला अश्विन उठून पानठेल्यावर गेला. मर्दाची जात! हात टम्म सुजला. तीन-चार दिवस कणकीत हात घालता येईना. तो बाजाराचा दिवस सासूनं धरला. स्टुलावर बसली, परात मांडीवर घेतली, अन् काय सांगू बापा, त्या म्हातारीचे हात अजून तसेच चालत होते. पाण्यासारखी कणीक झुले. पण सांजेले उठायची वेळ आली अन् गुडघे आखडले. मी एकीकडून, अश्विन दुसरीकडून, उचलून गाडीवर बसवली. रस्ताभर कण्हत होती, पण बोलत एकच, "रोट्या चांगल्या झाल्या न वो? कोणी काही म्हटलं नाही न?"

दुसरी सुई झाली. पुन्हा तेच वरडणं, तीच सूज. पण मोठीचा रंग बदलला, काळपट पडली. नखाजवळची बारीक झाल्यासारखी वाटे. मी रोज सकाळी उजेडात हात धरून पाहो. मॅडमनं सांगतलं, "फरक आहे. तिसरी चुकवू नका." अन् त्यायच्याकडचा साठा संपला होता, तं म्हणे इंजेक्शन तुमीच आणा.

अड्याळच्या मेडिकलवाल्या मनिषनं ते नागपूरवरून मागवून देल्लं. काचेची इवलीशी कुपी. "गार जागी ठेवा वहिनी," तो म्हणाला. मी फ्रिजच्या दरवाज्यात ठेवली, लिंबाच्या बाजूले.

"हे काय वो?" सासूनं विचारलं.

"विटामिन."

"कायचं?"

"हाडाचं, चामडीचं, साऱ्याचं! हात लावू नोको, माय." अन् मी दरवाजा आपटला. त्या दिवशी बाजारात एका बाईनं रोटी हातात घेऊन, माह्या हाताकडं पाहून परत ठेवली होती. माहं डोस्कं ठिकाणावर नव्हतं. नाहीतर दोन गोष्टी समजावून सांगतल्या असत्या.

भंडाऱ्याले जायचा दिवस उजाडला. गाडी यायची होती. मी फ्रिज उघडला तं लिंबू हाये, कुपी नाही. खाली पाह्यलं, मांगं पाह्यलं, भाजीच्या डब्यात पाह्यलं. अश्विनवर वरडली. तो म्हणे, "मी कायले हात लावीन?" मंग मी आंगणात आली. अन् पाहाते तं काय, सासू काठी न घेता आंगणात येरझारा घालून राह्यली. इकडून तिकडं, तिकडून इकडं, कमरेवर हात ठेवून.

"माय, फ्रिजमधली सुई कुठं गेली?"

"घेतली मी."

"घेतली म्हणजे?"

"घेतली म्हणजे टोचून घेतली. कवडूकडून. परवाच. पाह्य, किती चालून राह्यली मी."

मी तिथंच पायरीवर बसली.

कवडू आमच्याच आळीतला. कवातरी पवनीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आता घरोघरी सुया टोचते, सलाइन लावते, अन् गाव त्याले डॉक्टरच म्हणते. थकवा आला, ताकतीची सुई. कंबर दुखली, ताकतीची सुई. पोट्टं अभ्यास करत नाही, त्याले बी ताकतीची सुई. मी तशीच त्याच्या घरी गेली. तो दात घासून राह्यला होता.

"कवडूभाऊ, दुसऱ्याची सुई न विचारता टोचली कशी तुमी?"

"नाव वाचलं न मी. विटामिन डी. हाडाले चांगली राहाते. धुरपताबाईचे हाडंच त गेले."

"ते माह्या हातासाठी होतं! चामखिळीसाठी!"

त्यानं तोंडातला फेस थुकला अन् माह्याकडं असं पाह्यलं का मीच याडी. "चामखिळीत ताकतीची सुई? अवो, ताकत चामखिळीले द्यायची का माणसाले? ती अजून फोफावन न. ताकतीची सुई कमरेत राहाते, वहिनी. साऱ्या जगात कमरेतच राहाते."

अन् त्याची बायको मांगून मान हालवून राह्यली. मी तिथून निघाली, अन् सारा रस्ता स्वतःशीच भांडत घरी आली.

घरी आली तं सासूशी भांडली. नाही म्हणत नाही मी. आळी जमा झाली इतकी भांडली. "माह्या तीन आठवड्यायची वाट पाहणी तुह्या कमरेत गेली! लग्न तोंडावर आलं! तुले मी हात लावू नोको म्हटलं होतं का नाही?"

"तुह्यासाठीच घेतली वो," ती म्हणाली.

"माह्यासाठी? सुई माही, कंबर तुही, अन् माह्यासाठी?"

तिनं आपले दोनी हात पुढं केले. सुरकुतलेले, पण स्वच्छ. एक डाग नाही. "तुहे हात लग्नापर्यंत बरे नाही झाले तं? हे पाह्य, माहे हात कोरे हायेत. गुडघे तेवढे उभे राहाले पायजे. एकोडीले परातीवर मी बसीन, तू मांगून आग पाह्य, तुहे हात कोणाले दिसत नाही. मी म्हटलं, ताकत येईन. चूल नोको जायले आपली त्यायच्या मांडवातली."

राग गेला असता तं बरं झालं असतं, रडून मोकळी झाली असती. राग गेला नाही. तो कोणावर करावा तेच समजत नव्हतं. मी घरात गेली, भांडे आपटले, अन् मॅडमले फोन केला. त्यायनं आधी सासूचं वय विचारलं, औषधं विचारली. म्हणाल्या, एकाने काही होणार नाही, पण असली सुई आजींना आता पुन्हा देऊ नका, आणि उलट्या वगैरे झाल्या तर घेऊन या. मंग म्हणाल्या, "आता दुसरं इंजेक्शन मिळेल तेव्हा या." आवाजात हासू दाबलेलं होतं. असो, त्यायनं दाबलं तं खरं.

मनिषकडं माल नव्हता. आज येते, उद्या येते, गाडी चुकली, सुट्टी आली. दिवाळी मधात गेली. मी दिवसातून दोनदा मेडिकलसमोरून जाऊ लागली. मनिष मले पाहून काउंटरखाली वाकू लागला. शेवटी एकदाची कुपी आली. ती मी घरी नेलीच नाही, तशीच गाडीत बसून भंडाऱ्याले गेली. तिसऱ्या सुईले मी वरडली नाही. दात दाबून मॅडमच्या टेबलावरच्या घड्याळाकडं पाहात राह्यली.

अन् बापा, त्या गेल्या. मोठी आधी वाळली, काळी झाली, अन् एक दिवस कणीक भिजवताना परातीत पडायच्या आधी मी ती बाजूले केली. बोटायवरल्या पिल्लायले तं कोणी हात बी लावला नव्हता, त्या आपल्या आपण विरून गेल्या. एके सकाळी मी अंगठ्यावरून बोट फिरवलं अन् काहीच लागलं नाही. चामडी साफ. मी तशीच वरडत आंगणात आली, "माय, पाह्य! माय, गेल्या!" अन् सासूनं माहा हात आपल्या गालावर धरला. भांडणानंतर आमी तवाच नीट बोललो.

लग्नाले अजून आठ-दहा दिवस होते. मी वीरेंद्रभाऊले फोन लावला.

"हात बरे झाले जी!"

"अस्सं? बरं, फोटो पाठव."

फोटो. हातायचा. मी म्हटलं, पाठवते. सासूनं माहे हात तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ठेवायले लावले, उजेडाकडं. अश्विननं पाच-सात फोटो काढले, तळवे, मांगून, बोटं फाकवून. चोरी करून धरल्यासारखी मी हात दाखवत होती. पाठवले. निळ्या खुणा लगेच आल्या. त्यायनं पाह्यले. जबाब आला नाही. सांज झाली, नाही. दुसरा दिवस गेला, नाही. सासू दर घडीले विचारे, "वाजला का वो?" तिसऱ्या दिवशी मीच पुन्हा लावला.

"अवो रुचिता, तुले सांगायचंच राहून गेलं. रोटीचं केशरबाईले सांगून देल्लं."

मले वाटलं, माह्या उशिरामुळं. ती तिसरी सुई कमरेत गेली नसती तं. "कवा सांगतलं जी? दिवाळीत?"

"नाही नाही, पोळ्यालेच. बहिणीकडं गेलो होतो न, तिथंच ती भेटली..."

पोळ्याले. म्हणजे मले हात बरे कर म्हटलं, अन् त्याच हप्त्यात. मी तवा पहिली सुई बी घेतली नव्हती.

"मंग मले हात बरे कर काहून म्हटलं जी तुमी?"

वीरेंद्रभाऊ चांगल्या मनानं बोलल्यासारखे म्हणाले, "बरे झाले न? तुह्यं त चांगलंच झालं न वो यात."

मी फोन कापला. अश्विन म्हणे, जाऊ दे. हा माणूस कोणत्या दगडाचा हाये मले समजत नाही, याले सारंच जाऊ देता येते. मी सासूले सांगतलं. उशाजवळचं नवं लुगडं तिनं हातात घेतलं, घडीवर हात फिरवला अन् पेटीत ठेवून देल्लं.

"उगाच टोचून घेतली माय मी," एवढंच म्हणाली.

लग्न झालं. वरात, डीजे, नागपूरचे पाहुणे, सारं झालं म्हणे. आमी त्या रातीले भात-वरण खाऊन झोपलो.

त्याच्या पुढच्या बाजारात केशरबाई आमच्या चुलीशी आली. आमची बोलचाल असे, पण चुलीशी येऊन बसणं असं नव्हतं. सांजेची वेळ, गर्दी नव्हती. तिनं भज्याची तेलकट पुडी बाजूले ठेवली, चार-दोन तोंडात टाकली, इकडं तिकडं पाह्यलं अन् पदराखालून उजवा हात काढून माह्यापुढं धरला.

"रुचिता, तू कोणत्या डॉक्टरकडं गेली होती वो? तुह्या साफ गेल्या म्हणतात."

तिच्या तीन बोटायवर चामखिळी होत्या. एक तं अंगठ्यावर माहीपेक्षा मोठी, अन् तिच्या भोवती बिब्ब्यानं जाळलेला काळा चट्टा.

मी पाहातच राह्यली. "कवाच्या हायेत ह्या?"

"झाले न बहुत दिवस. उन्हाळ्यापासून."

"एकोडीले होत्या?"

"होत्या न."

"कोणी काही म्हटलं नाही?"

"कोण काय म्हणन?" तिनं खरंच न समजून माह्याकडं पाह्यलं. "कोणी पाह्यलंच नाही. वीरेंद्रभाऊच्या बायकोनं तं जाताना लुगडं नेसवलं मले. बसून खाल्लं बी माह्या बाजूले."

सासूच्या हातातला लोटा थांबला. मले वाटलं का परात उचलून रस्त्यावर फेकावी. वाटलं, केशरबाईचा हात धरून साऱ्या बाजाराले दाखवावा. पण तिचा काय दोष? तिची बोटं दुखत होती, सुजली होती, अन् ती मले इचारून राह्यली होती. मी सांगतलं. मॅडमचा दवाखाना सांगतला, कुठं उतरायचं ते सांगतलं. "बिब्बा लावू नोको. मोठी जाळू नोको, तिच्यातच सुई देतात, तिच्यानंच बाकीच्या जातात. दुखते बहुत, पण चुकवू नोको. अन् सुई घरी ठेवली तं सांगून ठेव, का कायसाठी हाये."

"मोठे उपकार झाले वो माय," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

मडकं तापलेलं होतं. मी गोळा घेतला, झुलवला, टाकला. रोटी फुगली, पापुद्रे सुटले. मी ती काढून कागदावर तिच्यापुढं धरली. "गरम हाये. खाऊन जा, केशरबाई."

तिनं रोटीकडं पाह्यलं, मंग माह्या हाताकडं. कोऱ्या, साफ हाताकडं.

"आज माहा उपास हाये वो," ती म्हणाली, अन् भज्याची पुडी उचलून उठली.

त्या रोटीचे मी दोन तुकडे केले, एक सासूले देल्ला, एक मी खाल्ला. इतक्यात एक गिऱ्हाईक आलं, अन् सासूनं सवयीनं लोटा भरून उचलला, रस्त्याकडं. मी तिच्या हातातून लोटा घेतला. मडक्याच्या मांगं गेली, रस्त्याकडं पाठ केली, अन् तिथं बसून हात धुतले.